तीन वाटांची झोळी

"पण बाबा, गलबत मधेच कलंडलं तर?"

सगुणेचा हा सकाळपासूनचा सहावा प्रश्न. नूरबाबा धक्क्यावरच्या दिव्याची काच राखेनं घासत बसले होते. आधीच्या पाच प्रश्नांना घेतली होती तशी याही प्रश्नाला त्यांनी राखेची नवी चिमूट घेतली.

माणिकबंदर आणि नवापट्टण ही दोन शहरं समोरासमोर, मधे समुद्र. जायला वाटा तीन. शिडाचं गलबत दोन दिवसांत पोचवी. किनारा धरून जाणारी होडी रोज सांजेला जमिनीला लागे, तिला सहा दिवस. आणि आखाताला वळसा घालणारी बैलगाडीची वाट अकरा दिवसांची.

सगुणेचं माहेर नवापट्टणचं. तिचे वडील तिथले शाळामास्तर. त्यांच्या डोळ्यांवर पडदा चढत होता. दिवाळीपर्यंत दिसेल, पुढचं सांगवत नाही, असं वैद्य म्हणाले होते. नात नऊ महिन्यांची झाली तरी तिचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं.

तेव्हा जायचं हे नक्की होतं. कसं जायचं, एवढंच ठरत नव्हतं.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणे, तू म्हणशील तसं. म्हणजे तिकडूनही काही आधार नाही. बंदरावरून निघणारा प्रत्येक माणूस आधी नूरबाबांच्या पाया पडून निघे. सगुणा वीस दिवस पाया पडत होती. निघाली मात्र नव्हती.

चौकशीत तिनं कसर ठेवली नव्हती. गलबतानं आलेला म्हणाला, बाई, गाडीनं जा, आतडी तोंडात येतात. गाडीनं आलेल्यानं सांगितलं, गलबत बरं, हाडं तरी जागेवर राहतात. होडीनं आलेल्या एका म्हातारीनं तर जाऊच नका म्हणून हात जोडले.

ते सगळं तिनं कागदावर उतरवलं होतं. तीन रकाने, प्रत्येकाखाली वादळापासून विंचवापर्यंत जे जे सुचलं ते. कागद चौथ्यांदा शुद्ध लिहिला होता. शिकलेल्या बाईला भीतीसुद्धा समास सोडून लिहिता येते, असं तिचं तिलाच वाटून गेलं.

"ही सगळी माणसं इथं पोचली ना?" बाबांनी काचेतून तिच्याकडे बघत विचारलं.

"पोचली ती सांगायला आली, बाबा. जी पोचली नाहीत ती कशी सांगणार?"

बाबांनी काचेवर फुंकर मारली.

"मास्तरांची पोर खरी," ते पुटपुटले. त्यात कौतुक नव्हतं.

तेवढ्यात धाकू तांडेल वर आला. गलबत त्याचं. भरती पुरी चढली की निघतो, असं बाबांना सांगून त्यानं सगुणेकडे पाठ केली आणि तिच्याबद्दलच गाऱ्हाणं मांडलं.

माणिकबंदरची रीत अशी, की जायच्या वाटेवर आपलं काहीतरी सामान आधी नेऊन ठेवायचं. सामान ठेवलं की जागा धरली. सगुणेनं तिन्ही वाटांवर जागा धरली होती. पोरीची झोळी सुटी करून तिनं तिची दोरी गलबतावर ठेवली होती, कापड गाडीतळावर, आणि झोळीची आडवी काठी होडीवाल्याकडे.

"ह्या बाईंची दोरी दोनदा नवापट्टण बघून आली, बाबा," तांडेल म्हणाला. "आता तिला वाट पाठ झाली. म्हणत असाल तर सुकाणू तिच्याच हाती देतो."

तो खाली उतरला. सगुणेचे कान तापले. कुठलीही वाट ठरली तरी काहीतरी तिथं आधीच असावं, एवढाच आपला विचार होता, असं तिनं बाबांना समजावून सांगितलं. घरी हे बोलणं फार शहाणपणाचं वाटलं होतं.

"मग पोर कुठं झोपतं?"

"...मांडीवर."

बाबांनी काच खाली ठेवली. जरा जोरातच ठेवली. वीस दिवस, ते म्हणाले. सगुणेला हिशेब येत होता. अकरा दिवसांच्या गाडीनं गेली असती तरी एव्हाना पोचून नऊ दिवस माहेरपण झालं असतं. हा हिशेब तेवढा तिच्या कागदावर नव्हता.

"पण दिवाळी अजून लांब आहे," ती म्हणाली. "वडिलांनी स्वतःच लिहिलंय, घाई करू नकोस. कालच पत्र आलं."

"पत्रं आहेत जवळ?"

चारही पत्रं ओच्यात होती. वाचून दाखवू का, असं तिनं विचारलं.

"मला वाचता येत नाही. मांड."

पोरीला एका हातानं कवटाळून तिनं पत्रं दगडावर ओळीनं मांडली. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून बाबांनी प्रत्येकावर एकेक शिंपला ठेवला.

पहिल्या पत्रात बावीस ओळी होत्या. मुंगीच्या पायाएवढं अक्षर. लहानपणी सगुणेनं मोठं अक्षर काढलं की मास्तर बोटांवर पट्टी मारत. कागद काय झाडाला लागतो, म्हणत.

दुसऱ्यात पंधरा ओळी. तिसऱ्यात नऊ.

कालच्या पत्रात पानभर मिळून चार ओळी होत्या. एकेक अक्षर पेरूएवढं. 'घाई करू नकोस. सोयीनं ये. पोरीला जप.' चौथी ओळ तिसरीच्या अंगावर चढली होती, ती तिला कालही वाचता आली नव्हती.

पत्रं तिनं वेगवेगळी वाचली होती. तीन वाटा रोज शेजारी शेजारी ठेवणाऱ्या तिला ही चार पानं कधी शेजारी ठेवावीशी वाटली नव्हती...

"कुठल्या वाटेनं आली ही पत्रं?" बाबांनी विचारलं.

"ठाऊक नाही," ती म्हणाली. "मी... विचारलंच नाही कधी."

बाबा पुन्हा काच घासू लागले.

खाली गलबतावर शंख वाजला. सगुणा उठली. पत्रं गोळा केली, तीन रकान्यांचा कागद दगडावरच राहिला. पायऱ्या उतरताना पाया पडायचंही ती विसरली.

तांडेलानं दोरी काढून डोलकाठीच्या बुडाशी बांधली. कापड राहिलं गाडीतळावर, काठी होडीवर. सगुणेनं खांद्यावरची शाल ओढून दोरीत घातली आणि पोरीला तीत निजवलं. गलबत एका अंगाला कलायचं तेव्हा झोळी दुसऱ्या अंगाला जायची. पोर मुठी चोखत गप्प राहिली.

दोर सुटले. धक्का आणि गलबत यांच्यामध्ये हातभर पाणी दिसलं, मग दहा हात. तेवढं पाणी सगुणेला पुरे झालं.

ती कठड्याशी धावली.

"बाबा," तिनं ओरडून विचारलं, "हीच वाट बरोबर ना?"

नूरबाबांनी काच उचलून दिव्यावर बसवली. ती नीट बसली की नाही ते फिरवून पाहिलं. मग तिच्याकडे वळले.

"उतरून ये, सांगतो."