सगळे जंगल तयार!

एका जंगलातल्या तळ्याकाठी एक टिटवी राहत असे. आवाज कर्कश, स्वभाव त्याहून तिखट. काठावरच्या खड्यांत तिने चार अंडी घातली होती. एके दिवशी कोल्ह्याच्या मनात आले, की हे तळे आपल्या एकट्याचे असावे. पण मुलांनो, त्या जंगलाची एक रीत होती. असे काही ठरवायचे तर सकाळी तळ्याकाठी सभा भरे. ज्याला मान्य नसेल त्याने येऊन तसे सांगायचे. जो येणार नाही, त्याचा होकार धरायचा.

कोल्ह्याने पोपटाला पिकली बोरे आणून दिली. पोपट रोज जंगलभर बातम्या सांगत फिरे आणि जनावरे त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत. तो झाडाझाडावर बसून ओरडू लागला, "तळे कोल्ह्याला द्यायला सगळे जंगल तयार!" एकालाही विचारले नव्हते मेल्याने!

"नको म्हणायला सभेला चला," असे सांगत टिटवी दारोदार हिंडली. हरिण म्हणाले, "मला मुळीच पटलेलं नाही गं. पण सगळे तयार आहेत, मी एकटं येऊन काय करू?" सशाने तेच सांगितले, साळिंदरानेही तेच. टिटवीचे डोके फिरले. "अरे, तुम्हा तिघांनाही पटलेलं नाही, मग ते सगळे आहेत तरी कोण?" साळिंदर म्हणाले, "अपशकुनी मेली, सारखी ओरडते," आणि कूस बदलून झोपले.

सभेला ती एकटीच आली आणि मोठ्याने 'नाही' म्हणाली. "नकार एक, बाकीच्यांचा होकार. तळे माझे," कोल्हा म्हणाला. दुपारपर्यंत चारही अंडी त्याच्या पोटात गेली.

संध्याकाळी जनावरे पाण्यावर आली, तर काठावर कोल्ह्याचे भाऊबंद दात विचकून उभे! वर पोपट ओरडतच होता, "सगळे जंगल खूश!" कोरड्या घशाने सगळी एकमेकांकडे बघत राहिली. खूश कुणीच नव्हते.

हरिण खालमानेने म्हणाले, "टिटवीताई, कुणीतरी बोलायला हवं होतं."

"मी बोलले की!" टिटवी कडाडली. "तुम्ही नुसतं माझ्या शेजारी येऊन उभं राहायचं होतं. माझी अंडी कोल्ह्याने खाल्ली, पण त्याला होकार तुम्ही दिलात. घरी बसून!"

तात्पर्य : 'सगळ्यांना मान्य आहे' असे कुणी सांगितले, तर आपल्याला कधी विचारले होते ते आधी आठवावे, आणि नकार द्यायचा असेल तर तो घरात कुजबुजून नव्हे, चारचौघांत उभे राहून द्यावा.