कोंडाईनं काढला वावडीचा माग

फार वर्षं झाली. उंबरओहोळ गावात कोंडाई नावाची एक सुईण होती. आसपासच्या बारा वाड्यांत जे बाळ जन्मेल त्याला पहिला हात तिचा लागायचा, असं म्हणतात.

त्या गावचे रंगराव देशमुख. त्यांचा धाकटा भाऊ वारला, आणि तीन महिन्यांनी भावजयीला मुलगा झाला. रंगरावांना जमिनीत वाटेकरी नको होता. ते कोंडाईला म्हणाले, "मूल मेलेलंच जन्मलं, हे कुणाचंतरी आणून ठेवलंय, एवढं पंचांपुढं सांग."

"माझ्या हातात रडलं ते, धनी," कोंडाई म्हणाली. "कसं सांगू?"

मग रंगरावांनी बाजाराला, पाणवठ्यावर, देवळात आपली माणसं पाठवली. त्यांनी ठासून काही बोलायचं नाही, नुसतं विचारायचं, "कोंडाई बाळांची नाळ करणीला नेते म्हणे, खरं का?" महिन्याभरात बाराही वाड्यांनी तिला दारं लावली. एका वाडीत बाई अडली, तरी तिला कुणी बोलावलं नाही. ती बाई गेली.

त्या दिवशी कोंडाई खूप रडली. मग उठली आणि त्याच घरी गेली. घरधन्याच्या डोक्यावर हात ठेवून तिनं विचारलं, "कुणाकडनं ऐकलंस?"

जन्मताना लागलेला हात पुन्हा डोक्यावर आला की माणसाला खोटं बोलवत नसे, असं म्हणतात. त्यानं नाव सांगितलं. ती त्या माणसाकडे गेली, तिथून पुढच्याकडे. ज्याला विचारावं तो तिच्यामागं चालू लागे. ही गोष्ट निघाली तरी कुठून, हे आता सगळ्यांनाच बघायचं होतं. सात दिवस रांग वाढत गेली. कोंडाई देशमुखांच्या ओसरीवर पोचली, तेव्हा रांगेचं शेपूट ओढ्यापल्याड होतं.

रंगरावही तिच्याच हातचे. तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "धनी, तुम्ही कुणाकडनं ऐकलं?"

त्यांनी तोंड उघडलं, पण कुणाचंच नाव येईना. शेवटी म्हणाले, "कुणाकडनं नाही. मीच पसरवलं. पोरगं माझ्या भावाचंच आहे."

पंच रांगेतच उभे होते. लोक कोंडाईच्या पाया पडायला वाकले. ती म्हणाली, "आधी त्या बाईच्या घरी जा."

हे मला सटवा गुरवानं सांगितलं, त्याला त्याच्या आत्यानं. उंबरओहोळात ज्याच्याकडनं ऐकलं त्याचं नाव घेतल्याशिवाय कुणाची गोष्ट पुढं सांगत नाहीत. आणि बाळाच्या पाचवीला तिथं पहिली ओटी सुइणीची भरतात. आता दवाखाना झालाय, तर नर्सबाईची भरतात. नवी आलेली नर्स संकोचते, "मला कशाला?" म्हणते. म्हाताऱ्या तिच्या पदरात नारळ घालतात. "घ्या बाई, कोंडाईची आहे."