सोलांजच्या नावाची पाटी

फ्रान्समधल्या एका गावात, टेकडीच्या उतारावर एक द्राक्षमळा होता. तो इतका लहान होता की या टोकाला कोणी शिंकलं, तर त्या टोकाचा माणूस तब्येत विचारायचा. मळा ऑगुस्तचा. घराखाली दगडी तळघर होतं आणि तिथे वर्षावर्षाची लाल वाइन बाटल्यांमध्ये मुरत पडलेली असे.

त्या बाटल्यांवर कागद चिकटवलेले नसत. प्रत्येक वर्षाच्या रांगेवर एक पाटी टांगलेली असे आणि पाटीवर खडूने त्या वर्षाचं नाव. पुराचं वर्ष. नव्या पुलाचं वर्ष. ज्या वर्षी घरात मूल जन्मे, त्या वर्षाला मुलाचंच नाव मिळे. ती वाइन पहिल्या वसंतात पिंपातून एकदा चाखायची आणि मग बाटल्यांत भरून ठेवून द्यायची. त्या मुलाचा मोठा दिवस उजाडेपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही, असा घरचा रिवाज होता. त्या दिवशी मात्र मुलाने आपल्या वर्षाची वाइन स्वतःच्या हाताने गावाला वाढायची.

ऑगुस्तचा थोरला मुलगा रेमी. त्याचं वर्ष उन्हाचं. त्या वर्षीची द्राक्षं मधासारखी गोड झाली होती. रेमीच्या लग्नात ती वाइन गाव प्यालं आणि पुढे कितीतरी दिवस तिच्याबद्दल बोलत राहिलं. रेमी नंतर शहरात राहायला गेला. त्याच्या नावाच्या थोड्या बाटल्या तळघरात उरल्या.

धाकटी सोलांज. तिचं वर्ष गारांचं. अर्धी द्राक्षं गारांनी झोडपली, उरलेली थंडीत कशीबशी पिकली. पहिल्या वसंतात ती वाइन चाखताना पाद्रीबाबांनी एक घोट घेतला आणि हसायचा प्रयत्न केला, पण चेहऱ्याने ऐकलं नाही. ही गोष्ट गाव विसरलं नाही. सोलांज रस्त्याने निघाली की पिंपं बनवणारा गास्पार दुकानातून म्हणायचा, "आंबट वर्ष आलं बघा. दात सांभाळा."

तो हे प्रेमानेच म्हणायचा. सोलांज हसायचीही. पण घरी येऊन तिला बसवत नसे. ती लहान होती तेव्हाही तिला बसवत नसे आणि मोठी झाली तेव्हाही नाही. मळ्यात सगळ्यांच्या आधी तीच असायची. वेलींची छाटणी तिच्या हातची, पिंपं धुणं तिच्या हातचं. तरी काम संपलं की ती अंगणात येरझाऱ्या घालायची. आपण कितीही राबलो तरी आपली पाटी त्या आंबट रांगेवरच टांगलेली आहे, असं तिला वाटायचं.

मग एका शरदात ऑगुस्त म्हणाला, "माझे गुडघे आता तळघराचा जिना उतरायला तयार नाहीत. तोडणीच्या जेवणाला तळघराची किल्ली कायमची तुझ्या हाती देतो, तोच तुझा मोठा दिवस; तोवर लागेल तेव्हा खुंटीवरून घे. तुझ्या बाटल्या काढायच्या तयारीला लाग."

ज्या दिवसाची तिने वाट पाहिली होती, त्याच दिवशी सगळ्या गावासमोर ती वाइन वाढायची होती. सोलांजला जेवण जाईना. ती तळघरात जायची, आपल्या पाटीसमोर उभी राहायची आणि वर यायची. पुन्हा जायची. गास्पारचं तोंड कसं वाकडं होईल, हे तिला बंद डोळ्यांनीही दिसत होतं.

ऑगुस्त बाजाराला गेला होता, त्या सकाळी तिने आपल्या सगळ्या बाटल्या स्वयंपाकघरात आणल्या. कोपऱ्यात व्हिनेगरचं लाकडी पिंप होतं. घरात उरलीसुरली वाइन त्यात पडायची आणि आंबून व्हिनेगर व्हायची. सोलांजने एकेक बूच काढलं आणि आपलं अख्खं वर्ष त्या पिंपात ओतलं. नाक बाजूला वळवून ओतलं. एक थेंबही चाखला नाही. चाखायचं काय त्यात, तिला ठाऊकच होतं. मग रेमीच्या उरलेल्या बाटल्या उचलून तिने आपल्या पाटीखाली मांडल्या.

आता तरी शांत वाटेल, असं तिला वाटलं होतं. पण तिची पावलं आणखी वेगाने पडू लागली.

तोडणी संपली. अंगणात लांब टेबल मांडलं गेलं. शहरातून रेमी आला, गास्पार आला, पाद्रीबाबा आले. ओनोरीनमावशी आली. ती नात्याची नव्हती. बाप्तिस्म्याच्या वेळी सोलांजला तिने हातात धरलं होतं, म्हणून ती मावशी. ऑगुस्तने किल्ली टेबलावर ठेवली.

सोलांजने सगळ्यांचे पेले भरले. सगळे आपापल्या पेल्याकडे सावधपणे बघत होते.

घोट घेतले गेले. कोणाचंही तोंड वाकडं झालं नाही. पण कोणी खुललंही नाही.

"थकलेली आहे," पाद्रीबाबा हळूच म्हणाले.

"थकलेली काय, झोपलेली आहे," गास्पार म्हणाला. "यापेक्षा आंबट असती तर बरं. निदान बोलली तरी असती."

रेमीने पेला खाली ठेवला. "जाऊ द्या. बिचारीचं वर्षच तसं होतं."

सोलांज त्याच्याकडे बघत राहिली. भावाने आपलंच वर्ष ओळखलं नव्हतं.

तेवढ्यात ओनोरीनमावशीने टोपलीतून एक धुळकट बाटली काढली. "हिची वाइन बाटल्यांत भरली तेव्हा ऑगुस्तने मला एक दिली होती. हिच्याच वर्षाची. माझ्या थंड कोठीत ठेवली होती. मी म्हटलं, आज हिच्यासोबत उघडू."

मावशीने थोडी थोडी सगळ्यांना वाढली. रंग गडद होता, उन्हात धरलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा. गास्पारने घोट घेतला आणि पेला पुन्हा पुढे केला. ते पाहून बाकीच्यांनीही पेले उचलले. पाद्रीबाबांनी डोळे मिटले. एवढ्या वर्षांत त्या वाइनचा सगळा आंबटपणा मुरला होता आणि तिच्यात एक खोल, भरलेली चव उतरली होती. घोट गिळल्यावरही ती चव जात नव्हती.

सोलांजने शेवटी पेला ओठांना लावला. आपलं वर्ष ती पहिल्यांदाच चाखत होती.

"मग आधीची अशी का?" कोणीतरी विचारलं.

गास्पारने ऑगुस्तकडे पाहिलं. "तुझं बूच ढिलं बसलं, दुसरं काय. कोठीतली टिकली आणि तुझ्या तळघरातली गेली. इतक्या वर्षांचा वाइनवाला तू, आणि पोरीच्या बाटल्यांना बूच नीट लावता आलं नाही?"

ऑगुस्तने मान खाली घातली. "असेल. हिची आई तेव्हा आजारी होती. माझं लक्ष नसेल."

किल्ली टेबलावरच होती. सोलांजने नुसतं गप्प राहायचं होतं. वाइन चांगली ठरली होती, वर्ष चांगलं ठरलं होतं, दोष बुचावर गेला होता. पण बाबा आपल्या हातांकडे बघत होते. एवढ्या वर्षांत त्या हातांनी एकही बूच ढिलं लावलेलं नव्हतं.

"बूच घट्ट होतं, बाबा," ती म्हणाली. "मी काढलं. माझ्या सगळ्या बाटल्या मी व्हिनेगरच्या पिंपात ओतल्या. आधी वाढली ती दादाच्या वर्षाची."

मग गास्पारच्या पोटातून हसू वर येऊ लागलं. "म्हणजे झोपलेलं वर्ष रेमीचं?"

"मीही त्याला नावं ठेवली की," रेमी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

ऑगुस्त हसला नाही. "ओतण्याआधी चाखलीस?"

"नाही."

"उन्हाची वाइन लवकर गोड बोलते आणि लवकर थकते. गारांतून वाचलेल्या द्राक्षांची साल जाड असते, तिला वेळ लागतो. मला वाटलं होतं, हे तुझं तुला कळेल." त्याने किल्ली उचलून खिशात टाकली. "पुढच्या तोडणीला बघू. तोवर रोजच्या जेवणात सॅलडवर त्या पिंपातलं व्हिनेगर घालायचं. वाढायचं तू. तुझं वर्ष आम्ही असं खाऊ."

सोलांजने वर्षभर ते वाढलं. रोज पिंपाचं झाकण उघडलं की आंबूस वासाखालून तो खोल, ओळखीचा वास यायचा, आणि ती क्षणभर हलायची थांबायची. गास्पार मुद्दाम सॅलड मागायला यायचा आणि म्हणायचा, "एवढं महागडं व्हिनेगर राजाच्या घरी नसेल."

पुढच्या तोडणीला तिला किल्ली मिळाली.

पुष्कळ वर्षांनी सोलांजला मुलगी झाली. त्या वर्षी पावसाने द्राक्षं घडांवरच कुजत होती. शेजारीण हळहळली, "बिचारी पोर. काय वर्षाला आली." सोलांज तळघरात गेली. तिने कोरी पाटी पुसून घेतली, खडूने मुलीचं नाव लिहिलं आणि नावाखाली आणखी दोन शब्द लिहिले: आधी चाखा.

तात्पर्य: लोक नावं ठेवतात म्हणून आपलं जे आहे ते न चाखताच ओतून देऊ नका. आणि ओतलंच, तर त्याचा दोष दुसऱ्याच्या हातांवर जाऊ देऊ नका.