बोरखिंडीच्या चुलीवरचा दगड

डोंगराच्या पोटाशी बोरखिंड नावाचं गाव आहे. मदर क्लारा तिथे आल्या, तेव्हा त्यांच्या दवाखान्याला भिंती तीनच होत्या. चौथ्या बाजूला तरटाचा पडदा. सोबत दोन सिस्टर आणि गावातली सुईण गिरजा.

पाणी उकळण्याचं काम गिरजेकडे होतं. मदरांनी तिला हंड्यात टाकायला एक गुळगुळीत दगड दिला होता. पाणी खळखळलं की दगड तळाशी खडखड वाजे. तो वाजल्याशिवाय रोग्याच्या तोंडी थेंबही घालायचा नाही, हा मदरांचा नेम. गिरजेने तो व्रतासारखा पाळला.

दाजी पाटलांना मात्र हसायला निमित्त मिळालं. चावडीवर बसून ते सांगत, की या बाया दगड शिजवून खातात आणि गिरजी त्यांची आचारीण. गिरजा मान खाली घालून जाई. एवढ्यावर ते थांबते तरी बरं होतं. दवाखान्यासाठी कुणी आपल्या रानातली काटकी उचलायची नाही, अशी त्यांनी ताकीद दिली. भोवतालचं सगळं रान त्यांचंच होतं.

त्याच उन्हाळ्यात पटकीची साथ आली. माणसं पटापट जाऊ लागली. दोन्ही सिस्टर चार दिवसांच्या अंतराने गेल्या. मग मदरांनाही जुलाब सुरू झाले. पाटलांचा थोरला मुलगा घरातच गेला. बापाने त्याला दवाखान्याची पायरी चढू दिली नव्हती.

इकडे सरपण संपलं. बाकं जळाली, खाटा जळाल्या, रोगी जमिनीवर आले. उरला भिंतीवरचा हातभर लाकडी क्रूस. गिरजेचा हात धजेना.

चटईवर पडलेल्या मदर म्हणाल्या, "काढ, गिरजा. लोकांसाठी जीव देणं त्याला नवीन नाही."

रडत रडत तिने तो चुलीत घातला.

त्याच दुपारी पाटील लेकीला, सुभद्रेला, हातांवर घेऊन आले. पोरीचे डोळे खोल गेले होते. पाटलांनी पाणी मागितलं.

"दगड वाजू द्या, मालक," गिरजा म्हणाली. "त्याआधी कुणालाच देत नाही."

"मग जाळ वाढव की!"

"लाकूड नाही."

लाकूड का नाही, हे पाटलांइतकं कुणाला ठाऊक असणार? ज्या दगडाला ते हसले होते, त्याच्याकडे कान लावून ते चुलीपाशी बसले. शेवटचा निखारा विझला. हंडा गप्पच होता. गिरजेने पदर तोंडात कोंबला. मदरांचे ओठ तेवढे हलत होते.

आणि दगड वाजला! चुलीत नुसती राख, आणि हंडा खळखळत होता. भाविकहो, शहाणे लोक म्हणतील राखेत धग असेल. म्हणोत बापडे. तिसऱ्या दिवसापर्यंत त्या चुलीत कुणी काडी घातली नाही आणि दगड थांबला नाही, एवढं गिरजा मरेपर्यंत सांगत असे.

सुभद्रा वाचली. मदर वाचल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे मिटले, आणि हंडा गार झाला. आज तिथे मोठं इस्पितळ आहे; पण त्या सकाळी तीन भिंतींत रडायलासुद्धा पुरेशी माणसं उरली नव्हती.

पाटील रानातून स्वतः तोडलेली मोळी डोक्यावर घेऊन आले, तेव्हा गिरजा राख भरत होती. त्यांनी मोळी उतरवली, मदरांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग गिरजेपुढे वाकून म्हणाले, "माझा पोरगा पण आणला असता, तर?"

गिरजेने हंडा भरला, दगड आत सोडला आणि मोळीतलं एक लाकूड चुलीत सारलं.