ऐनाची पाटी

रानातली झाडे मोजण्याची रीत नवी होती, त्या काळी एका ऐनाच्या खोडावर ‘ब-१२’ अशी पत्र्याची पाटी दोन खिळ्यांनी ठोकली गेली. पुढे वादळात ऐन पडला आणि पाटी हिंडत हिंडत भंगाराच्या दुकानात पोहोचली.

“ये गं, आमच्यातलीच तू,” औषधाची रिकामी बाटली म्हणाली. “ब-१२ हे जीवनसत्त्व.”

“काहीतरीच,” ग्रंथालयातले जुने कपाट कुरकुरले. “ब-१२ हा माझा व्याकरणाचा कप्पा. बाटलीबाई, तुमचं वाचन कमी पडतं.”

“मी एका झाडाची होते,” पाटी हळूच म्हणाली.

“झाडाला कुठं वाचता येतं?” दोघेही हसले, आणि त्यानंतर तिच्याशी कुणी बोलेना. आपण खरोखर कुणाच्या होतो का, अशी शंका हळूहळू तिलाही येऊ लागली.

एके दुपारी दुकानदाराने आवराआवर करताना तिला कोपऱ्यातल्या लाकडी बाकावर ठेवले. बाकाच्या फळीत खिळ्यांची दोन जुनी भोके होती. पाटीची भोके नेमकी त्यांच्यावर बसली.



“मला अजूनही वाचता येत नाही,” बाक म्हणाले. “पण तू आलीस, बरं झालं.”