कान नसलेला कप

घरोघरी लोक मातीच्याच कपातून दूध प्यायचे, तेव्हाची ही गोष्ट. यमनाक्का कुंभारीण कप घडवून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी कान वळून त्यांना जोडायची.

एकदा एक कप फडक्याखाली राहीना. "मी सगळ्यांआधी वाळणार," म्हणत तो उन्हात जाऊन बसला.

त्याच्यासाठी वळलेला कान म्हणाला, "अरे, थांब ना माझ्यासाठी. मी अजून ओला आहे."

"तू ये मागून," कप म्हणाला.

यमनाक्काने त्या वाळलेल्या कपाला कान जोडून पाहिला. पण वाळता वाळता कान आकसला आणि तडकून खाली पडला.

"एकत्र वाळला असतात, तर एकत्र राहिला असतात रे," ती हळहळली.

कप तिने तसाच भाजला. पण गरम दूध भरल्यावर त्याला हातात कोण धरणार? शेवटी तिने त्याच्यात पाणी ओतलं आणि तो पडलेला कान कुस्करून त्यातच भिजवला. त्याचा छान चिकट चिखल झाला. बोटाने तो चिखल घेऊन ती दुसऱ्या कपांना कान जोडू लागली.

कप दर वेळी विनवायचा, "अक्का, थोडा तरी राहू दे. माझा कान आहे तो."