डॉफ शिकलेला म्हाळू

चूक म्हाळूची नव्हतीच. चूक त्या लोकांची, जे अर्धं शिकवतात आणि पुऱ्या शहाणपणाची अपेक्षा करतात. शब्द देतात, अर्थ देतात, तो शब्द कुठून आला त्याची वंशावळसुद्धा देतात. पुढे काय करायचं ते विचारलं, की मात्र चिडतात. अशांची नावं घ्यायला हवीत, पण मग गोष्ट राहून जाईल.

तर एका गावात एक भोळा गवळी होता. गावाचं नाव बोरकी, गवळ्याचं म्हाळू. त्याची दोन लग्नं ठरता ठरता मोडली होती. पहिल्या सोयऱ्यांनी 'पोटभर जेवा' म्हटलं, म्हणून तो संध्याकाळपर्यंत पानावरून उठला नाही. दुसऱ्या वेळी काय झालं, ते घरात कुणी बोलत नाही.

तिसरं स्थळ टाकळीच्या भिवराचं. म्हाळूनं तिला बाजारात पाहिलं होतं. तिनं त्याच्याकडून ताक घेतलं आणि हसली. तेव्हापासून तो दोन्ही म्हशींना भिवराच म्हणायचा. पण भिवराच्या बापाचा, चिमाजीचा, निरोप आला, "मुलगा शिकलेला हवा. सोमवारी घेऊन या, बघू."

म्हाळूच्या आईनं त्याला दंडाला धरून शाळेत नेलं.

"गुरुजी, सोमवारपर्यंत ह्याला शिकवा."

"काय शिकवू?"

"एक शब्द पुरे. इंग्रजी असला म्हणजे झालं."

गुरुजी नेमके एक जुनं जाड पुस्तक वाचत होते. त्यांना आनंद झाला. ते म्हणाले, "डॉफ! जुनं क्रियापद आहे. आता साहेबसुद्धा बोलताना फारसं वापरत नाही. 'डू' म्हणजे करणं, 'ऑफ' म्हणजे बाजूला. दोन शब्द शेकडो वर्षं एकमेकांवर घासले आणि त्यांचा एक झाला. डॉफ म्हणजे काढणं. विलायतेत थोर माणूस समोर आला, की डोक्यावरचं काढतात. तो मान झाला."

"डाफ?" आई म्हणाली. "बैल हाकल्यासारखं वाटतं. पण चालेल."

म्हाळूनं वाटेभर पाठ केलं. थोर माणूस समोर आला, की डोक्यावरचं काढायचं. चावडीपुढे पाटील उभे होते. गावात त्यांच्याहून थोर कोण? म्हाळूनं पुढे होऊन पाटलांच्या डोक्यावरचं पागोटं काढलं. पाटलांना टक्कल आहे, हे गावाला त्या दिवशी कळलं.

गुरुजी धावत आले. "अरे गाढवा, दुसऱ्याच्या डोक्याला हात लावायचा नसतो! आपल्या डोक्यावरचं काढायचं. आपल्या!"

"असं होय," म्हाळू म्हणाला. "मग आधी सांगायचं."

दुसऱ्या दिवशी म्हाळू ताकाचं मडकं डोक्यावर घेऊन निघाला. समोरून जोशीबुवा आले, नुकतीच अंघोळ करून, सोवळं नेसून. म्हाळूनं पाटलांचा धडा आठवला. आपल्या डोक्यावरचं काढायचं. त्यानं दोन्ही हातांनी मडकं काढलं आणि कमरेत वाकून मान दिला. सगळं ताक जोशीबुवांच्या अंगावर गेलं.

आईनं कपाळावर हात मारला. "म्हाळ्या, डोक्यावर काही असलं, की वाटेत काढायचं नाही! समोर राजा येवो. घरी पोचेपर्यंत डोक्यावरचं डोक्यावर."

"असं होय. मग आधी सांगायचं."

तिसऱ्या दिवशी तो बोथट झालेलं खुरपं शेवटायला लोहाराकडे गेला. भट्टीतली एक ठिणगी उडाली आणि त्याच्या पागोट्यावर बसली. धूर निघाला. मग जाळ निघाला.

लोहार ओरडला, "अरे, काढ ते!"

"घरी पोचल्यावर," म्हाळू म्हणाला आणि पळत सुटला. डोकं तापलं, तसा तो "मेलो, मेलो" असं बोंबलत सगळं गाव ओलांडून घरी आला. आईनं त्याच्यावर हंडाभर पाणी ओतलं. पागोट्याची वातीएवढी चिंधी उरली.

"घरची वाट कसली बघतोस? काढायचं असलं की जागच्या जागी काढावं! आणि बोंबलत कशाला आलास? खाली मान घालून यावं. कुणी विचारलंच तर हळू आवाजात, दोन शब्दांत सांगावं."

"असं होय," म्हाळू म्हणाला. "मग आधी सांगायचं."

सोमवारी मामाचं पागोटं उसनं घेतलं आणि मायलेक टाकळीला निघाले. भिवराचे आजोबा, आबा, त्यांना घ्यायला वेशीपर्यंत आले होते. ऐंशी वर्षांचा माणूस, पांढऱ्या मिशा. म्हाळूनं सगळे धडे एकदम आठवले. आपल्या डोक्यावरचं. जागच्या जागी. खाली मान घालून. त्यानं पागोटं काढलं.

आबांना गंमत वाटली. "शिकलेला दिसतोय हो पोरगा," ते म्हणाले. मग विहिरीच्या कट्ट्यावर दम खायला बसले. आईही टेकली. "तू हो पुढं," ती म्हणाली.

म्हाळू पुढं झाला. पागोटं हातातच होतं. काढायचं कधी ते त्याला तिघांनी सांगितलं होतं. परत घालायचं कधी, ते कुणीच सांगितलं नव्हतं.

आता आपल्याकडे माणूस उघड्या डोक्यानं, खाली मान घालून दारात येऊन उभा राहिला, की लोक निरोप ऐकायला थांबत नाहीत. तरी चिमाजीनं धीर करून विचारलं, "काय झालं? पागोटं का काढलं?"

म्हाळू हळू आवाजात, दोन शब्दांत म्हणाला, "आबांसाठी काढलं."

चिमाजी मटकन खाली बसला. घरात रडारड उठली. शेजारपाजारचे आले. त्यांनीही पागोटी काढली. म्हाळूला बरं वाटलं. टाकळीचे लोक फार शिकलेले दिसतात, असं त्याला वाटलं. केरू बुरूड कोयता घेऊन बांबूच्या बेटाकडे धावला.

भिवराची आई गळा काढून म्हणत होती, "मामंजी, परवा तुम्ही पुरणपोळी मागितली आणि मी भाकरी वाढली हो!"

चिमाजी छाती बडवत होता. "आबा, तुमचा एकही शब्द मी ऐकला नाही हो! एकदा परत या! तुम्ही म्हणाल ते ऐकीन!"

"नक्की ना?" मागून आवाज आला.

आबा म्हाळूच्या आईबरोबर अंगणात उभे होते.

"कोण गेलं?" आबांनी विचारलं.

"तुम्हीच," शेजारी म्हणाला.

काय झालं ते कळल्यावर चिमाजी पायातली वहाण काढून म्हाळूच्या अंगावर धावला. "आमच्या जिवंत माणसाला मारतोस! चालता हो! ह्या येड्याला कोण मुलगी देतो!"

म्हाळूच्या आईनं डोळ्याला पदर लावला. तिसरंही मोडलं. म्हाळूनं पागोट्याकडे पाहिलं, मग दाराकडे. दाराआड भिवरा पदर तोंडात कोंबून हसत होती.

"चिमा," आबा म्हणाले, "आत्ता गावासमोर काय म्हणालास? मी म्हणेन ते ऐकशील?"

चिमाजीनं वहाण खाली ठेवली. "म्हणालो."

"मग ऐक. वीस वर्षांत ह्या अंगणात माझ्या नावानं कुणी मान खाली घातली नव्हती. ह्या पोरानं घातली, आणि मागोमाग गावानं घातली. भिवरा ह्यालाच द्यायची. आणि सूनबाई, आज पुरण घाला."

तेवढ्यात केरू बुरूड दोन ओले बांबू खांद्यावर घेऊन धापा टाकत आला. त्यानं आबांकडे पाहिलं, बांबूंकडे पाहिलं, आणि म्हणाला, "तोडले ते तोडले. मांडवाला चालतील का?"